दुमडलेली कड

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. एके काळी काळा-पांढरा होतो, आता खरे तर तपकिरी आणि पिवळट. जव्हारला सुदर्शन गुरुजींच्या घरात बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मी वर्षानुवर्षे टांगलेला होतो. येणारे-जाणारे मान वर करून म्हणायचे, "आईवडील का? छान जोडी आहे हो!" त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की समोर दिसत होता तो सगळा मी नव्हतोच. माझी उजवी कड दुमडून पाठीमागे घातलेली होती आणि त्या कडेवर एक पाच वर्षांची मुलगी उभी होती. तिचे तोंड मागच्या फळीकडे होते. पावसाळे आले नि गेले, ती आपली फळीकडेच पाहत राहिली.

तिचे नाव धोंडी. तिची गोष्ट गाळून मला माझी गोष्ट सांगता येत नाही, कारण आमचा कागद एकच आहे.

माझा जन्म जव्हारच्या बाजारातल्या एका स्टुडिओत झाला. सूर्यमाळच्या एका पाड्यावरून सावळा आणि बायडी नावाचे जोडपे त्या दिवशी बाजाराला आले होते. दोघांच्या हातांवर अजून हळदीचा पिवळेपणा होता. स्टुडिओवाला दारातच उभा होता. त्याने हळद पाहिली आणि हाक मारली, "नवीन लग्न दिसतंय! या, फोटो काढू." मग त्याला बायडीच्या लुगड्याआड लपलेली पोर दिसली.

"ही कुणाची?" त्याने विचारले.

"आमचीच," सावळा म्हणाला.

तुम्हालाही नवल वाटले ना? पण त्यात नवल काही नाही. तेव्हा डोंगरात असेच चाले. दोघांचे मन जुळले, घरच्यांनी होकार दिला, की संसार सुरू व्हायचा. लग्न म्हणजे साऱ्या पाड्याला जेवण, वाजंत्री, आणि गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरी. एवढे सगळे करायचे तर घरात दाणा साठायला हवा. तो साठेपर्यंत चार-पाच पावसाळे सहज जात आणि मधल्या काळात पोरे होत. मग आईबापाच्या लग्नात तीच पोरे मांडवभर नाचत. कुणी नाक मुरडत नसे. आईचे लग्न डोळ्यांनी पाहायला मिळाले, याचा धोंडीला तर केवढा तोरा होता!

स्टुडिओवालाही याच मुलखातला, त्याने पुढे काही विचारले नाही. त्याच्याकडे गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट होता. त्या एका कोटाने जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी नवरदेवांना साहेब करून सोडले होते. सावळाला तो खांद्यात मोठा झाला आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या. मनगटावर आतले यंत्र काढलेले घड्याळ आले. पाठीमागच्या पडद्यावर राजवाड्याचे खांब रंगवलेले होते. बायडीला खुर्चीवर बसवले, सावळाला शेजारी उभे केले आणि धोंडीला खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला.

स्टुडिओवाल्याने काळे फडके डोक्यावर घेतले मात्र, धोंडीचा ओठ थरथरायला लागला. बायडीने खुर्चीवरून हात खाली सोडला. धोंडीने तो घट्ट पकडला, असा की तिची चारही बोटे आईच्या हातावर वळली. रडते की काय म्हणून दोघांनी लेकीकडे नजर वळवली आणि तेवढ्यात खटका पडला.

मग लाल दिव्याच्या खोलीत मला औषधाच्या पाण्यात सोडले. कोऱ्या कागदावर सर्वांत आधी काय उमटले असेल, सांगा बरे? धोंडीचे तेल लावलेले काळेभोर केस. तिच्यामागून तिचे आईबाप आले. मोबदल्यात सावळाने मधाची बाटली दिली आणि मला धोतराच्या घडीत घालून घरी नेले.

पाड्यावरचे दिवस माझे सर्वांत सुखाचे. कुडाच्या भिंतीवर, चुलीच्या धुरात मी होतो, पण मोकळा होतो. बायडी लुगड्याच्या पदराने मला पुसायची. घरात कुणीही आले, की धोंडी धावत यायची आणि माझ्यावर बोट ठेवून सांगायची, "ही आयस, हा बा, आन ही मी!" पुढे भाऊ झाला. तो तिच्याच कमरेवर वाढला, कारण आईबाप भाताच्या लावणीला गेले की घर तिच्यावर. त्यालाही ती मला दाखवायची. तो सारा फोटो धुंडाळायचा आणि विचारायचा, "मी कठं?"

"तू तवा नव्हताच."

यावर तो भोकाड पसरायचा. मग धोंडी त्याला घेऊन अंगणात पळायची.

त्या भावाचे नाव शाळेत सुदर्शन पडले. तो वसतिगृहात राहायला गेला. तिथे एकदा मोठ्या फुशारकीने त्याने सांगितले, की माझ्या बहिणीने माझ्या आईचे लग्न पाहिले आहे. बाहेरगावची मुले हसून हसून लोळली. कितीतरी दिवस त्याला त्यावरून चिडवत राहिली. सुट्टीत घरी आला तेव्हा तो माझ्याखाली बसून जेवला, पण त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. धोंडीने विचारले, "काय झाला रं?" तो हात धुवायला उठला.

पुढे सुदर्शन शिकला, मास्तर झाला, जव्हारला घर घेतले. तोवर सावळा आणि बायडी दोघेही गेले होते. धोंडी लग्न होऊन शेजारच्याच पाड्यावर नांदत होती. सुदर्शनचे घर पाहायला मुलीकडचे लोक येणार होते. नोकरदारांचे घराणे, शिकलेली माणसे. भिंतीवर आईवडिलांचा फोटो हवा, म्हणून त्याने मला पाड्यावरून आणले आणि फ्रेमवाल्याकडे नेले.

"ही पोरगी ठेवायची?" फ्रेमवाल्याने सहज विचारले.

सुदर्शनने दाराबाहेर पाहिले.

"काढायची असेल तर कापून देतो. कड सरळच आहे." त्याने पाते उचलले.

मित्रांनो, ते पाते माझ्या अंगावर, धोंडीच्या मनगटापाशी टेकले होते. मला वाटले, संपले सारे. सुदर्शनने फ्रेमवाल्याचा हात धरला. तो एकदम म्हणाला, "कापू नको. दुमड."

फ्रेमवाल्याने अंगठ्याच्या नखाने करकचून घडी घातली. माझ्या अंगावरचा मुलामा तडकला आणि घडीवर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उमटली. धोंडी पाठीमागे गेली. पुढे काच बसली, मागे फळी, फळीला खिळे आणि खिळ्यांवर खाकी कागद. पुढच्या बाजूला धोंडीची म्हणून उरली ती फक्त आईच्या हातावरची चार बोटे.

आणि तेव्हापासून मी कोंडला गेलो. काचेआडून मला सगळे दिसायचे, सगळे ऐकू यायचे, पण एक शब्द बोलता येत नव्हता. जव्हारच्या धुक्याची ओल भिंतीतून फळीत आणि फळीतून धोंडीच्या तोंडावर यायची. कसर नावाचा बारका चंदेरी किडा कुठूनसा आत शिरला आणि तिच्या झग्याचे टोक कुरतडू लागला. मला हलता येत नव्हते, तिला वळता येत नव्हते. तिला समोर फक्त फळी आणि कानांवर पलीकडचे हसणे-बोलणे. खरे सांगतो, या कोंडमाऱ्यापेक्षा पाते परवडले, असेही कधीकधी मनात यायचे.

सगळ्यांत वाईट दिवस सुदर्शनच्या लग्नाचा होता. धोंडीबाई नवी साडी नेसून आली. आल्या आल्या भिंतीवर मला पाहून तिचे डोळे चमकले. ती जवळ आली. तिने बोट वर केले, जिथे ती उभी असायची तिथे न्यायला, आणि ते फ्रेमच्या लाकडावर टेकले. तिने परत एकदा पाहिले. मग हळूच हात खाली घेतला.

तिला वाटले, भावाने कापून टाकले.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, "अगं, तू इथेच आहेस, माझ्या पाठीशी!" पण फोटोला तोंड असून काय उपयोग? तिने कुणाला काही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही. दरवर्षी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे घेऊन ती यायची. खुर्चीवर न बसता माझ्या समोर, खाली फरशीवर बसायची आणि चहा पिता पिता आईच्या हातावरच्या त्या चार बोटांकडे बघायची. सुदर्शन नेमका माझ्याकडे पाठ करून बसायचा. दोघे पावसाच्या आणि पिकाच्या गप्पा मारायचे.

अशी वर्षे गेली. सुदर्शनची मुलगी रोहिणी कॉलेजात गेली. जुने फोटो आणि समाज असा काहीतरी विषय तिने प्रकल्पाला घेतला आणि एक दिवस खुर्चीवर चढून ती माझ्यासमोर उभी राहिली. मोबाइलवर बोलणे रेकॉर्ड करत ती मला वाचू लागली.

"आजोबांचा कोट पाहा. त्यातून प्रतिष्ठा दिसते. हातात घड्याळ, म्हणजे घरची स्थिती बरी असावी."

अगं पोरी, ते घड्याळ चालतदेखील नव्हते!

"दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. कॅमेऱ्याची भीती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजीचा हात. तो नवऱ्यापासून लांब, खाली सोडलेला आहे. मला वाटतं, हे लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं असावं. तिला या चौकटीतून बाहेर पडायचंय."

मला हसावे की रडावे कळेना. ज्या बाईने पाच वर्षे संसार करून मग हौसेने लग्न केले, तिचे म्हणे मनाविरुद्ध! हुशार पोर, डोळेही तीक्ष्ण, पण हात कुठे जातो ते तिला दिसत नव्हते. यात तिची काय चूक? तिच्यापुढे मी होतोच अर्धा.

"बाबा, आजी नाराज होती का हो?" तिने आत हाक मारून विचारले.

"कुणास ठाऊक," सुदर्शन म्हणाला आणि वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरले.

त्याच सुमारास गुरुजींचे नवे घर बांधून झाले. वास्तुशांतीला हॉलमध्ये आजी-आजोबांचा मोठा फोटो लावायचा, असे रोहिणीने ठरवले. तिने काचेतूनच माझा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर फोटो साफ करणाऱ्याकडे पाठवला. त्याचे बोलणे मी फोनवर ऐकले. "मॅडम, आजीच्या हातावर चार काळे डाग आहेत, बुरशी वाटते. काढून टाकतो. एकदम नवा करून देतो."

"हो हो, काढा," रोहिणी म्हणाली. "आणि बाबा, जुन्याचं काय करायचं? फळी पार कुजलीय."

"बघू. माळ्यावर टाकू," सुदर्शन म्हणाला.

माळा! म्हणजे आणखी अंधार, वाळवी, आणि मग कधीतरी रद्दी. बाहेर उरलेली चार बोटेसुद्धा आता डाग म्हणून पुसली जाणार होती. त्यानंतर धोंडी माझ्यात होती, हे सांगायला जगात काही शिल्लक राहणार नव्हते. त्या दिवसांत मी जितका घुसमटलो तितका कधी घुसमटलो नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी धोंडीबाई आली. केस पिकलेले, पाठीला थोडा बाक. मला नव्या घरात आणून एका कोपऱ्यात जमिनीवर टेकवून ठेवले होते. भिंतीवर नवा कोरा, भलाथोरला फोटो लागला होता. सावळाचा कोट इस्त्री केल्यासारखा, बायडीचे गाल गुळगुळीत. सगळे वाखाणत होते. धोंडीबाई अगदी जवळ गेली. आईच्या हातावरून तिने बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

"बोटं कठं गेली?" ती म्हणाली.

"कसली बोटं, आत्या?" रोहिणीने विचारले.

"हठं व्हती. आयशीचे हातावर."

"अगं, ते डाग होते. काढून टाकले."

"डाग नाय, बाय. माझी बोटं व्हती ती."

रोहिणी हसली. "आत्या, हा आजीच्या लग्नाचा फोटो आहे. तू कशी असशील त्यात?"

"मी व्हती ना आयशीचे लग्नात! तठंच उभी व्हती." धोंडीबाई शांतपणे म्हणाली. "तुझे बासनं मना कापली. बोटं तेवढी राहली व्हती. म्हून मी बघाया येत व्हती. आता तीबी गेली. तो जुना मना दे, मी घरी नेन."

रोहिणी बापाकडे बघू लागली. सुदर्शन आत गेला आणि पक्कड घेऊन आला. मला उचलून त्याने मांडीवर पालथा घेतला. खाकी कागद फाडला. गंजलेले खिळे एकेक करून उपटले. घाईत एक खिळा त्याच्या अंगठ्यात घुसला. फळी निघाली आणि माझ्या पाठीवर उजेड पडला.

किती वर्षांनी!

"बाय," तो बहिणीला म्हणाला. शाळेत बोलायची भाषा केव्हाच गळून पडली होती. "कापली नाय तुला. दुमडली व्हती."

त्याने मला सुलटा करून कड उलगडली. धोंडी समोर आली. झग्याचे टोक कसरीने खाल्लेले, गालावर ओलीचा डाग, घडीवर पांढरी रेघ. पण हात आईच्या हातात तसाच घट्ट, आणि ओठ रडायच्या बेतात.

धोंडीबाई खाली बसली. तिने त्या पोरीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. "कापली नाय?" तिने विचारले.

"नाय."

"मंग सांगला का नाय रं, सुद्या?" तिचा आवाज चढला. "मना वाटला, भावासला मी नकोच व्हती. येवढी वर्सं!" आणि मग त्या पोरीच्या गालावरच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "कापली असतीस तं कठं तरी उडून गेली असती मी, उजेडात. तू दुमडून ठेवलीस. अंधारात उभी केलीस मना."

सुदर्शनने डोके तिच्या गुडघ्यावर टेकले आणि हा एवढा मोठा मास्तर हमसून हमसून रडू लागला. तिने त्याला दूर केले नाही, पण डोक्यावरून हातही लगेच फिरवला नाही. फिरवला तो थोड्या वेळाने.

"पण लपवलंत कुणापासून?" सुदर्शनची बायको जयश्री दारात उभी होती.

"तुझ्या घरचे येणार होते ना पाहायला," तो म्हणाला.

"आमच्या?" जयश्री म्हणाली. "अहो, माझ्या आजीच्या लग्नात माझा मामा सात वर्षांचा होता. तुम्हाला कळू नये म्हणून आई आम्हांला दटावून बसली होती!"

यावर धोंडीबाई आधी हसली. मग रोहिणी हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ती माझ्यापाशी वाकली आणि बायडीच्या हातावरून बोट नेत नेत धोंडीपर्यंत गेली. "म्हणजे आजी नाराज नव्हती," ती स्वतःशीच पुटपुटली. "तू रडत होतीस म्हणून दोघं तुझ्याकडे बघत होते."

संध्याकाळी नवा फोटो भिंतीवरून उतरला. फोटो साफ करणारा म्हणाला, पूर्ण फोटो द्या, घडीची रेघ कॉम्प्युटरवर घालवून देतो. रोहिणी नको म्हणाली. नवी काच आणून मला सबंधच्या सबंध बसवले. सुदर्शन बहिणीला म्हणाला, "बाय, तू घेऊन जा. तुझाच हाय."

"नको," धोंडीबाई म्हणाली. "हठंच लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाया नको म्हून लपवली व्हतीस ना? आता त्यांनाच बघू दे."

दुसऱ्या दिवशी हॉल माणसांनी भरला. शाळेतले मुख्याध्यापक माझ्यासमोर थांबले. "गुरुजी, आईवडील का? छान जोडी आहे. आणि ही छोटी कोण?"

सुदर्शनच्या हातात पेढ्यांचे ताट होते. धोंडीबाई खाली न बसता, त्या दिवशी खुर्चीवर बसली होती. तिने भावाकडे पाहिले. मी श्वास रोखून होतो.

"ही माझी मोठी बहीण, धोंडी," तो मोठ्याने म्हणाला. "आईवडिलांच्या लग्नाला ती होती. मी नव्हतो."

"असं होय," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी पेढा उचलला.

बस्स, एवढेच. एवढ्या एका वाक्यासाठी ती पोर फळीकडे तोंड करून उभी होती.

मित्रांनो, माझी कड अजूनही आत वळू पाहते. घडीची सवय लवकर जात नाही, काच तिला दाबून धरते म्हणून बरे. तुमच्याही घरी भिंतीवर कुणी माझ्यासारखा असेल. त्याची धूळ पुसा, त्याला ओलीपासून जपा, हे तर आहेच. पण पुसता पुसता एवढे करा. फोटोतल्या माणसांचे हात कुठे जातात ते पाहा. एखादा हात कडेपाशी जाऊन संपत असेल, तर पक्कड आणा आणि मागचे खिळे काढून बघा.